त्वचेची ऊब आणि उपचाराचा हिशेब

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय निवडण्यास एक व्यावहारिक कारण घडले. ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर सौम्य विद्युतप्रवाह देणारी यंत्रे रुग्णालयास भेट देण्याची इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली. त्याच सुमारास मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कुटुंबीयांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला, "यंत्र लावल्यावर आईचे पाय गरम लागतात, म्हणजे रक्तपुरवठा सुधारला ना?" देणगी कोणत्या अटींवर स्वीकारावी आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, या दोन्ही गोष्टींसाठी एकच अभ्यास करणे आवश्यक होते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे वैद्यकीय बाजू रुग्णालयातील तज्ज्ञांकडून समजून घेऊन व प्रकाशित संशोधन वाचून प्रस्तुत लेख सिद्ध केला आहे. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या तिघांनाही तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

त्वचेचे तापमान कशावर ठरते?

आपल्या शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर राहते. त्वचेचे मात्र तसे नाही. कडाक्याच्या थंडीत बोटांचे तापमान २० अंशांच्या खालीही जाते आणि उन्हाळ्यात तेच ३५ अंशांच्या जवळ पोहोचते. हा फरक मुख्यतः त्वचेखालून किती रक्त वाहते यामुळे पडतो. विश्रांतीच्या स्थितीत संपूर्ण त्वचेतून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. कडक उष्म्यात हेच प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत वाढू शकते. शरीर आपली अतिरिक्त उष्णता त्वचेच्या मार्गाने बाहेर टाकत असते.

या प्रवाहाचे नियंत्रण अनुकंपी चेतासंस्थेकडे असते. आपल्या इच्छेवाचून चालणारी ही यंत्रणा रक्तवाहिन्यांच्या भिंती आवळते किंवा सैल सोडते. थंडी, भीती, काळजी, तंबाखू, इतकेच काय, एकदम घेतलेला खोल श्वासही बोटांतील रक्तवाहिन्या आवळतो आणि बोटे गार पडतात. मन शांत झाले, खोली उबदार असली, की त्या सैलावतात.

येथे एक बारकावा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तळहात, तळपाय व बोटे यांत रोहिणी व नीला यांना थेट जोडणाऱ्या लहान आडवाटा असतात. त्या उघडल्या की उबदार रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून परस्पर नीलेत उतरते. त्वचा गरम होते. परंतु पेशींचे पोषण केशवाहिन्यांतून होत असल्याने, आडवाटेने गेलेल्या रक्ताचा पेशींना फारसा लाभ होत नाही. तात्पर्य, तापमापकावरील आकडा त्वचेखालून रक्त वाहत असल्याची वर्दी देतो. ते रक्त कोणत्या कामी आले, हे तो आकडा सांगत नाही.

सुईपासून विजेपर्यंत

ॲक्युपंक्चर ही मूळची चीनमधील प्राचीन पद्धती. शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करणे हे तिचे स्वरूप. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणित नामावलीत ३६१ पारंपरिक बिंदूंची नोंद आहे. सुयांतून वीज सोडण्याची कल्पना मात्र युरोपातील. फ्रेंच वैद्य सार्लांदिएर यांनी १८२५ मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चीनमध्ये विद्युत-ॲक्युपंक्चरचा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला.

या पद्धतीच्या भारतातील आगमनाशी महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर यांचा समावेश होता. डॉ. कोटणीस हे शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि कोलकात्यात या उपचारांची सुरुवात केली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर चिकित्सकांसाठी स्वतंत्र कायदा आहे.

सध्या प्रचलित असलेल्या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात टोचलेल्या सुयांना तारा जोडून सौम्य प्रवाह दिला जातो. दुसऱ्यात सुई नसते. बिंदूवर चिकटपट्टी लावून त्वचेवरूनच प्रवाह दिला जातो. वापरात असलेल्या बिंदूंपैकी दोन विशेष परिचित आहेत : अंगठा व तर्जनी यांच्यामधील हेगू आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरील बाजूचा झूसानली. सेकंदाला किती स्पंद द्यावयाचे यालाही महत्त्व आहे. बीजिंग येथील संशोधक हान जिशेंग यांच्या दीर्घकालीन संशोधनानुसार सेकंदाला २ स्पंद आणि १०० स्पंद या दोन गतींनी मज्जासंस्थेत निरनिराळी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. म्हणून "यंत्र लावले" एवढे सांगणे अपुरे ठरते. कोणता बिंदू, कोणती गती, किती जोर आणि किती वेळ, हे सर्व सांगितल्याखेरीज दोन ठिकाणच्या अनुभवांची तुलना होऊ शकत नाही.

संशोधनात काय आढळले?

त्वचेच्या तापमानासंबंधी सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास नॉर्वेचे बिर्गर काडा यांचा आहे. तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. थंडीने बोटे पांढरी पडून बधिर होणारा रेनॉ विकार आणि मधुमेहजन्य चेताविकार यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांना त्यांनी मंदगती विद्युतस्पंद दिले. चिकटपट्टी हाताच्या हेगू बिंदूच्या परिसरात लावलेली असतानाही दूरच्या पायांच्या बोटांपर्यंत परिणाम दिसून आला. हातापायांच्या बोटांचे तापमान २२ ते २४ अंशांवरून ३१ ते ३४ अंशांपर्यंत चढले. उत्तेजन सुरू केल्यापासून सरासरी १५ ते ३० मिनिटांनी ही वाढ एकाएकी सुरू होई आणि ४ ते ६ तास टिकत असे. गार पडलेल्या बोटांचे तापमान आठ-दहा अंशांनी वाढणे ही सामान्य घटना नव्हे. त्यामुळे या अभ्यासाकडे जगभरातील चिकित्सकांचे लक्ष वेधले गेले.

पुढे १९८५ मध्ये अर्न्स्ट व ली या संशोधकांनी निरोगी व्यक्तींच्या हेगू बिंदूवर हाताने फिरवलेली सुई आणि विजेची सुई अशा दोन्ही प्रकारांचा परिणाम उष्णताचित्रणाच्या साहाय्याने अभ्यासला. त्वचेतून निघणारे अवरक्त किरण टिपून तापमानाचा रंगीत नकाशा तयार करणारे हे तंत्र आहे. उत्तेजनामुळे काही भागांत प्रथम अल्पकाळ गारवा येतो व नंतर दीर्घकाळ टिकणारी ऊब येते, असा एकंदर प्रकार त्यांना दिसला. अनुकंपी चेतासंस्थेचा ताण कमी झाल्याचे हे चिन्ह होय, असा अर्थ त्यांनी लावला.

तथापि सर्व निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. निरोगी व्यक्तींवर त्वचेवरून विद्युतस्पंद देऊन केलेल्या काही अभ्यासांत तापमानात वा रक्तप्रवाहात उल्लेखनीय फरक आढळला नाही. यात फारसे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच सैल आहेत त्याची त्वचा आणखी गरम होण्यास फार वाव नसतो. ज्याच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत त्याच्यात बदल मोठा दिसतो.

ही ऊब येते कोठून?

या ऊबेची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण स्थानिक होय. सुई वा वीज यांनी संवेदी चेतातंतू उत्तेजित झाले, की त्यांच्या टोकांतून रक्तवाहिन्या रुंदावणारी द्रव्ये स्रवतात आणि बिंदूभोवतालची त्वचा लालसर व उबदार होते. दुसरे कारण स्नायूंचे. मंदगतीचा जोरदार प्रवाह स्नायू फडफडवतो आणि काम करणाऱ्या स्नायूला अधिक रक्त लागते. तिसरे कारण दूरगामी आहे. उत्तेजनाची सुरुवात शरीराला अपरिचित वाटते, त्यामुळे अनुकंपी चेतासंस्था क्षणभर सावध होऊन रक्तवाहिन्या आवळते. नंतर मेंदू व मज्जारज्जू यांच्या पातळीवर तिचा ताण उतरतो. हाताला उत्तेजन दिल्यावर पाय का गरम होतात, याचे स्पष्टीकरण या तिसऱ्या कारणात शोधले जाते.

या तिन्ही कारणांत एक गोष्ट समान आहे. आवळलेली रक्तवाहिनी सैल होऊ शकते. परंतु मेदाच्या थरांनी बुजलेली रोहिणी विद्युतस्पंदांनी मोकळी होत नाही. मधुमेह व धूम्रपान यांमुळे ज्यांच्या पायांच्या मोठ्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत, अशा रुग्णांच्या बाबतीत हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो.

मोजमापातील कच्चे दुवे

हिशेबनिसाला एक सवय असते. अखेरची शिल्लक वाढलेली दिसली तरी ती कोणत्या खात्यातून आली, हे पाहिल्याशिवाय तो नफा लिहीत नाही. तापमानाच्या आकड्यांनाही हीच कसोटी लावावयास हवी.

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गटाला यंत्र लावले. पायाच्या अंगठ्याचे तापमान २७ अंशांवरून ३० अंशांवर गेले. वाढ ३ अंशांची. दुसऱ्या गटाला तशाच चिकटपट्ट्या लावल्या, पण प्रवाह दिला नाही. त्यांचे तापमान २७ वरून २९.५ झाले; वाढ अडीच अंशांची. म्हणजे यंत्राच्या नावे जमा करण्याजोगी वाढ अर्ध्या अंशाची. उरलेले अडीच अंश कोणाचे? बाहेरच्या गारव्यातून आत येऊन अर्धा तास स्वस्थ पडून राहण्याचे, अंगावर पांघरूण असण्याचे आणि "आता बरे वाटेल" या विश्वासाने मन निवांत होण्याचे.

म्हणूनच चांगल्या अभ्यासात खोलीचे तापमान स्थिर ठेवतात, पंख्याचा झोत रुग्णावर येऊ देत नाहीत, तपासणीपूर्वी चहा, कॉफी व तंबाखू वर्ज्य करतात आणि पाय उघडे ठेवून किमान १५ मिनिटे बसवल्यानंतरच पहिले माप घेतात. बोटांचे तापमान अर्ध्या तासात आपोआपही काही अंशांनी चढउतार करते, हे विसरून चालत नाही. या विषयात आणखी एक अडचण आहे. औषधाच्या चाचणीत खरी व खोटी गोळी सारखी दिसू शकते. विजेचे स्पंद मात्र रुग्णाला जाणवतात, त्यामुळे आपल्याला खरा उपचार मिळाला की नाही याचा अंदाज त्याला येतो. ज्या अभ्यासात तुलनेचा गट नाही, त्यातील ऊबेचा आकडा खरा असला तरी त्याचे श्रेय कोणाचे, हे त्यावरून ठरत नाही.

उबदार पाऊल आणि निरोगी पाऊल

प्रस्तुत विषय आम्हास ज्या कारणाने महत्त्वाचा वाटला, तो मुद्दा आता येतो. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत गरम पाऊल हे नेहमीच शुभ चिन्ह नसते. चेताविकारात अनुकंपी तंतूही निकामी होतात. मग वर उल्लेखिलेल्या आडवाटा सदैव उघड्या राहतात, पाऊल उबदार व शिरा फुगलेल्या दिसतात आणि तरीही पेशी उपाशी राहू शकतात. त्याहून गंभीर म्हणजे, वेदना जाणवत नसल्यामुळे तळव्याखाली सुरू झालेला दाह वा जंतुसंसर्ग रुग्णाच्या लक्षातच येत नाही. त्या जागेची वाढलेली उष्णता हीच काय ती पूर्वसूचना असते.

आमच्याकडे आलेल्या एका साठीच्या भगिनींच्या बाबतीत नेमके हेच घडले. घरी विद्युतयंत्राचा वापर सुरू होता. डावे पाऊल उजव्यापेक्षा गरम लागते, यावरून त्या पावलात "रक्त फिरू लागले" असा समज होऊन घरातील सर्वांना समाधान वाटले होते. पावलाला सूज आल्यावर त्यांना येथे आणण्यात आले, तेव्हा चवड्याखालच्या कातडीत पू साठलेला होता. पाऊल वाचले, दोन बोटे मात्र काढावी लागली. यंत्राने जखम केली, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. परंतु त्या ऊबेचा अर्थ वेळीच कळला असता, तर त्या काही आठवडे आधी आल्या असत्या.

याच उष्णतेचा उपयोग करून पाय कसे वाचवता येतात, हे अमेरिकेतील लॅव्हरी व आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पूर्वी पायाला जखम होऊन गेलेले १७३ मधुमेही रुग्ण १५ महिने निरीक्षणाखाली होते. एका गटाने हातात धरावयाच्या अवरक्त तापमापकाने रोज दोन्ही पावलांवरील सहा-सहा जागांचे तापमान मोजले. एकाच जागेच्या डाव्या-उजव्या तापमानात २.२ अंश सेल्सियसहून अधिक फरक दिसताच चालणे कमी करून परिचारिकेशी संपर्क साधावयाचा, एवढाच नियम होता. या गटात ८.५ टक्के रुग्णांना पुन्हा जखम झाली; नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण २९.३ टक्के होते. येथे कोणीही त्वचा गरम केली नाही. केवळ ती मोजली आणि त्या मापावरून कृती केली.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

वरील अभ्यास विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात आला. ॲक्युपंक्चर बिंदूंवरील विद्युत-उत्तेजनाने काही रुग्णांची त्वचा काही तास उबदार होते, यास आधार आहे. वेदनाशमनासाठी पूरक उपचार म्हणून त्याला स्थान देता येईल. मात्र त्याने बुजलेली रोहिणी मोकळी होते वा मधुमेहातील जखम टळते, असे म्हणण्याजोगा पुरावा आम्हास आढळला नाही. यास्तव मंडळाने पुढीलप्रमाणे ठरवले.

यंत्रे स्वीकारावीत, परंतु त्यांचा वापर डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार व प्रशिक्षित, नोंदणीकृत चिकित्सकाच्या हातूनच व्हावा. त्यापूर्वी पायातील नाडी व संवेदना तपासलेल्या असाव्यात. चालू औषधे वा इन्शुलिन यांपैकी काहीही या उपचारासाठी थांबवले जाऊ नये. प्रत्येक वेळी एकाच खोलीत, विश्रांतीनंतर, उपचारापूर्वीचे व नंतरचे तापमान नोंदवावे आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात वेदना, चालण्याचे अंतर व जखमेचा आकारही लिहावा. तापमानाचा रकाना वाढला व बाकीचे रकाने जैसे थे राहिले, तर तो उपचार यशस्वी मानू नये. पेसमेकर बसवलेले रुग्ण, गर्भवती, अपस्माराचे रुग्ण व पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असलेले रुग्ण यांना हे यंत्र लावू नये. मानेच्या पुढील भागावर, जखमेवर वा बधिर त्वचेवर चिकटपट्टी लावू नये.

दुसरा ठराव असा की, यंत्रांच्या आधी अवरक्त तापमापक, संवेदना तपासण्याचे नायलॉनचे तंतू आणि पायांच्या घडणीप्रमाणे पादत्राणे या गोष्टींची तरतूद व्हावी. देणगीदारांपुढे हा विचार मांडला असता त्यांनी आपल्या देणगीचा मोठा भाग या कामी वळवण्यास आनंदाने संमती दिली. भेटवस्तूपेक्षा रुग्णाच्या गरजेला अग्रक्रम देणाऱ्या या औदार्याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत.

कुटुंबीयांसाठी

ज्यांच्या घरी मधुमेहाचे जुने रुग्ण आहेत, त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, ही विनंती. रोज ठरावीक वेळी, काही मिनिटे पाय उघडे ठेवून, दोन्ही तळपायांवर त्याच सहा जागांचे तापमान मोजावे : अंगठा, चवड्याखालील आतली, मधली व बाहेरची जागा, तळव्याचा मध्य आणि त्याची बाहेरील कड. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, अनेक घरांत कपाळाचे तापमान पाहण्याचा तापमापक आला. त्यात पृष्ठभागाचे तापमान दाखवण्याची सोय असेल तर ती निवडावी. अंगातील तापाचा आकडा त्वचेसाठी उपयोगाचा नाही. दोन्ही पायांसाठी एकच तापमापक वापरावा, कारण येथे आकड्यापेक्षा दोन आकड्यांतील अंतर महत्त्वाचे आहे. सलग दोन दिवस एकाच जागी २.२ अंशांहून अधिक फरक दिसला, तर चालणे कमी करून आमच्याकडे यावे. लाली, सूज वा पाणी येत असल्यास दोन दिवसही थांबू नये. एक पाय विलक्षण गार व निळसर झाला, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

तापमापक नसला तरी हरकत नाही. रोज रात्री चांगल्या उजेडात तळवा व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा मुलानातवंडांनी पाहावे. गार वाटणारे पाय शेकोटीजवळ धरू नयेत, गरम पाण्याची पिशवीही लावू नये. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही. सुती मोजे व पांघरूण पुरेसे आहे.

पाय तपासणीसाठी येताना रोजच्या वापरातील पादत्राणे व घरी ठेवलेली तापमानाची वही सोबत आणावी. यंत्राचे उपचार अन्यत्र घेत असल्यास तेही निःसंकोचपणे सांगावे. त्यामुळे कोणाचाही उपमर्द होणार नाही आणि डॉक्टरांना त्या वहीतील आकडे नीट वाचता येतील.